सप्टेंबरातले निकाल

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा मोसम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतो. पहिल्या सामन्याच्या ४२ दिवस आधीपासून संघाला पूर्ण सराव घेता येतो आणि त्या ४२ दिवसांत जास्तीत जास्त ३० सराव होऊ शकतात, असा कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेचा नियम आहे. म्हणजे सप्टेंबर संपता संपता जिम गजबजू लागते. त्यातला एखादा सराव पत्रकारांना, देणगीदारांना, जुन्या खेळाडूंना पाहू देतात. ही मंडळी दोन तास बाकांवर बसून बाहेर येतात आणि त्याच संध्याकाळी निकाल जाहीर होऊ लागतात. अमका फ्रेशमन पहिल्या पाचात हमखास. तमक्या ट्रान्सफरचा शॉट बिघडलेला आहे. तो सात फुटी पोरगा अजून दोन वर्षं तरी कामाचा नाही. आणि हो, यंदा या संघाकडे पॉइंट गार्डच नाही.

हे निकाल घाईचे आहेत, एवढंच म्हणून लोक हसून सोडून देतात. माझं म्हणणं त्याहून कडक आहे. सुरुवातीच्या सरावातून कॉलेज खेळाडूची लायकी दिसतच नाही, कारण तो सराव ती दाखवण्यासाठी आखलेला नसतो. दोन तासांऐवजी चार तास बसलात, डोळ्यांत तेल घालून पाहिलंत, तरी त्यात फरक पडत नाही. या निकालांचे समर्थक साधारण तीन गोष्टी पुढे करतात. जाणत्या नजरेला लगेच कळतं. कोचसुद्धा सरावावरूनच तर ठरवतो. आणि अंगयष्टी, उपजत देणगी लपून राहत नाही. हे म्हणणारे अडाणी नसतात. त्यांतले कित्येक स्वतः कॉलेजात खेळलेले असतात, म्हणून त्यांना उत्तरही नीट द्यायला हवं.

आधी २०२२ चा ऑक्टोबर आठवू. असोसिएटेड प्रेसच्या मोसमपूर्व क्रमवारीत नॉर्थ कॅरोलायना पहिल्या स्थानी होती. कारण सबळ होतं. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये कॅन्ससकडून अंतिम सामना ७२-६९ असा निसटता हरलेल्या संघाचे पाचांपैकी चार खेळाडू परत आले होते. एकमेकांना ओळखणारे, मोठे सामने खेळलेले, सरावात घड्याळासारखे चालणारे खेळाडू. रॅली-कॅरी भागात स्थायिक झालेल्या मराठी घरांतही आता ड्यूक की कॅरोलायना यावरून जेवणाच्या टेबलावर दोन तट पडतात. त्या ऑक्टोबरात कॅरोलायनावाल्यांचा आवाज किती चढलेला असेल याची कल्पना करावी. मार्चमध्ये या संघाला ६८ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत जागासुद्धा मिळाली नाही. १९८५ मध्ये स्पर्धा ६४ संघांची झाली, तेव्हापासून मोसमपूर्व अव्वल संघावर अशी पाळी कधी आली नव्हती.

त्याच क्रमवारीच्या २५ संघांत कनेक्टिकट कुठेच नव्हतं. कोच डॅन हर्लींच्या या संघात त्या शरद ऋतूत दुसऱ्या कॉलेजांतून आलेले गार्ड बरेच होते आणि त्यांची एकमेकांशी नीट ओळखही व्हायची होती. सप्टेंबर-ऑक्टोबरचा त्यांचा सराव पाहून ‘विस्कळीत’ याखेरीज दुसरा शब्द कुणाला सुचला असता असं वाटत नाही. या संघाने राष्ट्रीय स्पर्धेतले सहाही सामने दहापेक्षा जास्त गुणांनी जिंकले आणि सॅन दिएगो स्टेटला ७६-५९ असं हरवून विजेतेपद नेलं. आणखी गंमत म्हणजे पहिले १४ सामने जिंकल्यावर हाच संघ पुढच्या आठांपैकी सहा हरला होता. तेव्हा खऱ्या सामन्यांवर विसंबून जानेवारीत निकाल देणारेही तोंडघशी पडले. सरावावर विसंबणाऱ्यांनी आपली जागा यावरून ओळखावी.

इथे मला कुणीतरी अडवणार. क्रमवारी संघांची असते, खेळाडूंची नव्हे. आणि ती सराव पाहून केलेली नसते. बरोबर. पण त्या क्रमवारीला मत देणाऱ्यांकडे मागच्या अख्ख्या मोसमाची आकडेवारी असते, शेकडो सामन्यांची चित्रफीत असते, कोचशी झालेलं बोलणं असतं, आणि त्यांतल्या अनेकांनी सरावही पाहिलेले असतात. इतकं साहित्य हाताशी असून ही गत होत असेल, तर त्यातलं सगळं काढून टाकून उरलेल्या दोन तासांवर भरवसा ठेवायला कोणत्या आधारावर सांगता?

आणि एका खेळाडूचंच उदाहरण हवं असेल तर तेही त्याच ऑक्टोबरातलं आहे. पर्ड्यूसुद्धा त्या पंचविसांत नव्हतं, आणि त्यांच्याकडे झॅक ईडी होता (नाव असंच उच्चारतात, मराठी वाचकाने दचकू नये). टोरांटोचा हा सात फूट चार इंची मुलगा हायस्कुलात गेल्यावर बास्केटबॉलकडे वळला; त्याआधी त्याचा ओढा आइस हॉकी आणि बेसबॉलकडे होता. भरतीच्या वेळच्या याद्यांत तो पहिल्या चारशेंतही नव्हता. पहिल्या वर्षी पर्ड्यूत त्याला सामन्यामागे जेमतेम पंधरा मिनिटं मिळाली आणि सरासरी ८.७ गुण. २०२२-२३ मध्ये त्याने सरासरी २२.३ गुण आणि १२.९ रिबाउंड काढले, देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि पुढच्या वर्षी पुन्हा ठरला. आता २०२० च्या शरद ऋतूतला त्याचा एखादा सराव डोळ्यांपुढे आणा. समोर ट्रेव्हिअन विल्यम्ससारखा मुरलेला सेंटर, पायांची चाल अजून जड, चेंडू खाली आणायची सवय न सुटलेली. बाकावरच्या तज्ज्ञाने काय लिहिलं असतं ते तुम्हीही लिहू शकाल. त्याचं प्रत्येक निरीक्षण खरं असतं आणि निष्कर्ष तेवढा चुकलेला असता.

निरीक्षण खरं असूनही निष्कर्ष चुकतो, तो का? हे समजायला त्या जिममध्ये प्रत्यक्षात काय चाललेलं असतं ते पाहावं लागेल.

पहिल्या आठवड्यात पाच विरुद्ध पाच असा पूर्ण खेळ फार कमी होतो. तिघांचा वीव्ह, क्लोजआउट, चौघांविरुद्ध चौघांचं शेल ड्रिल, स्क्रीन आल्यावर कोणी कुठे सरकायचं याची पुन्हा पुन्हा घोटणी. शेल ड्रिलमध्ये बहुतेक वेळा चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना बास्केट करायचीच नसते. त्यांनी पास फिरवायचा आणि बचाव करणाऱ्यांनी प्रत्येक पासबरोबर आपली जागा बदलायची. त्यात एखादा गार्ड ‘आक्रमक वाटला नाही’ असं लिहिणं म्हणजे दुसरं काही नाही, त्याला दिलेलं काम लिहिणाऱ्याला कळलं नाही एवढाच त्याचा अर्थ. कोच एखाद्याला सांगतो, आज डाव्या हातानेच ड्रिबल कर. दुसऱ्याला सांगतो, आज ड्रिबलच नको. तिसऱ्याच्या घोट्याला जरा सूज आहे म्हणून ट्रेनरने त्याच्या उड्या मोजून दिलेल्या असतात. चौथ्याला मुद्दाम दुबळ्या गटात टाकलेलं असतं. आपल्याबरोबरचे चुकत असताना हा तोंड उघडतो का, की नुसता वैतागतो, हे कोचला पाहायचं असतं. यातलं काहीही बाकांवर ऐकू येत नाही. तिथे फक्त एवढं दिसतं की एक पोरगा अडखळतोय आणि एकाने हात आखडता घेतलाय.

शिवाय दोन्ही बाजू आपल्याच. गार्डने आपल्या समोरच्याला पाच वेळा चकवून लेअप मारला, तर गार्ड चांगला की समोरचा ढिला? सामन्यात याचं उत्तर निदान अंदाजाने देता येतं, कारण समोरच्या संघाची पत बाहेर कुठेतरी मोजलेली असते. सरावात बेरीज कायम शून्य येते: एकाचं कौतुक हे त्याच संघातल्या दुसऱ्याचं अपयश. तरीही दरवर्षी वाचायला मिळतं की या संघाचं आक्रमण भन्नाट आहे आणि बचावही लोखंडी आहे, आणि हे दोन्ही शोध एकाच दुपारी लागलेले असतात! खरं कारण बहुधा साधं असतं. बचावाचे नियम अजून शिकवले नसले की आक्रमण चमकतं. नवी चाल शिकवून लगेच तीच घोटून घेताना मात्र बचाव करणाऱ्यांनाही पुढचा पास ठाऊक असतो, तेव्हा आक्रमण मठ्ठ दिसतं. कॅलेंडरवरचा दिवस बदलला की खेळाडूंची गुणवत्ता बदलल्यासारखी वाटते.

यातलं सर्वांत बोलकं प्रकरण मला व्हर्जिनियाचं वाटतं. टोनी बेनेट तिथे ‘पॅक लाइन’ नावाचा बचाव शिकवायचे. मूळ तो त्यांच्या वडिलांनी, डिक बेनेट यांनी, घडवलेला. त्याची कल्पना सोपी आहे. तीन गुणांच्या रेषेच्या आत, बास्केटपासून साधारण सोळा फुटांवर, एक न आखलेली कमान मानायची. चेंडूवर असलेला एकजण बाहेर दबाव टाकणार आणि उरलेले चौघे त्या कमानीच्या आत राहणार, मग त्यांचा स्वतःचा माणूस बाहेर मोकळा उभा असला तरी. पास गेला की धावत जाऊन, हात उंच ठेवून, पण तोल न घालवता त्याच्यापर्यंत पोचायचं. सांगायला एक मिनिट लागतं; अंगवळणी पडायला बहुतेकांना एक मोसम लागतो. कारण हायस्कुलात जो सर्वांत चपळ होता त्याला तिथे पासवर झडप घालून चेंडू पळवायची सवय आणि त्यावर टाळ्या. इथे तीच झडप चूक. म्हणजे पहिल्या आठवड्यात या जिममध्ये सर्वांत गोंधळलेला दिसणारा मुलगा बऱ्याचदा तोच असतो ज्याच्याकडे सर्वांत जास्त उपजत चपळाई आहे. शिकण्यापेक्षा विसरण्याचं काम त्याला जास्त असतं. आणि चपळाई बेताची असल्यामुळे नेहमीच जागा धरून खेळत आलेला मुलगा तिथे ‘तयार’ दिसतो.

डिआंद्रे हंटर २०१६ मध्ये या संघात आला. पहिलं पूर्ण वर्ष त्याला सामन्यांपासून दूर ठेवलं, रेडशर्ट केलं. म्हणजे सराव करायचा, सामना खेळायचा नाही, आणि पात्रतेचं एक वर्ष शिल्लक राहतं. त्या शरद ऋतूत त्याच्याविषयी ‘अजून कच्चा’ असं म्हणणारा बरोबरच होता, कोचचंही तेच मत होतं. फरक पुढचा आहे. कोचने त्या कच्चेपणातून त्याला वर्षभर शिकवायचा निर्णय काढला. बाकावरच्या माणसाने त्यातून त्याची पायरी ठरवून टाकली असती. २०१९ मध्ये हाच हंटर राष्ट्रीय कोच संघटनेच्या मते देशातला सर्वोत्तम बचावपटू होता. त्याच वर्षी टेक्सास टेकविरुद्धच्या अंतिम सामन्यात शेवटची १२.९ सेकंद उरली असताना कोपऱ्यातून तीन गुणांचा शॉट मारून त्याने बरोबरी साधली, सामना जादा वेळेत गेला, व्हर्जिनिया ८५-७७ ने जिंकलं. हंटरचे गुण २७. त्या वर्षीच्या एनबीए ड्राफ्टमध्ये तो चौथा.

एखादा म्हणेल, अपवाद काढून दाखवायला काय लागतं? मग जरा गणित करू, त्यात कुणी नामवंत नाही. सरावातल्या निकालांत ‘शूटर कोण’ हा निकाल सर्वांत ठासून दिला जातो. समजा संघात पंधरा खेळाडू आहेत आणि तीन गुणांच्या शॉटमध्ये ते सगळे अगदी सारखे आहेत: डिफेंडर समोर असताना प्रत्येकाचे शंभरातले ३४ जातात. पुरुषांच्या पहिल्या श्रेणीतली अलीकडची सरासरी जवळपास तेवढीच आहे. आता सरावात प्रत्येकाने दहा-दहा शॉट घेतले. या पंधरांपैकी निदान एकाने दहातले सहा किंवा जास्त घालण्याची शक्यता किती? सुमारे ७३ टक्के. म्हणजे कुणीच कुणाहून सरस नाही अशा संघातसुद्धा चारांपैकी जवळपास तीन दुपारी एक ‘नवा शूटर’ सापडणारच. उलट बाजूही पाहा. खरोखर चाळीस टक्क्यांनी मारणारा, म्हणजे उत्तम शूटर, दहातले दोन किंवा त्याहून कमी घालील याची शक्यता सहात एक. त्याचा शॉट बिघडला, असं त्या रात्री छापून येतं. बिघडलेलं काहीच नसतं. जाणती नजर यात काय मदत करणार? नजर जितकी तयार, तितकी ती बिघडलेल्या शॉटमध्ये कोपराचा दोष शोधून काढते, कारण तिला दोष सापडतोच.

कोचला हे ठाऊक असतं. म्हणून कोचमंडळी सरावातला प्रत्येक शॉट नोंदवून घेतात, जूनपासूनच्या नोंदी हातात ठेवतात. ‘कोचसुद्धा सरावावरूनच ठरवतो’ या दुसऱ्या युक्तिवादाचं उत्तर इथेच आहे. हो, सरावावरून ठरवतो. एका सरावावरून नाही. उन्हाळ्यातल्या आठ आठवड्यांत, मर्यादित तास का होईना, त्याने खेळाडू हाताळलेले असतात. पाहुण्यांना जो ‘पहिला सराव’ म्हणून दाखवला जातो तो कोचच्या दृष्टीने पहिला कधीच नसतो. त्याशिवाय कोच ज्याचं उत्तर शोधत असतो तो प्रश्नच निराळा आहे. त्याला विचारायचं असतं की उद्या याला काय शिकवू. पाहुणा विचारतो, हा किती किमतीचा. नाटकाच्या पहिल्या वाचनाला बसून प्रयोगाचं परीक्षण लिहिणाऱ्याला आपल्याकडे कुणी समीक्षक म्हणणार नाही, आणि दिग्दर्शकही तिथेच बसला होता हे त्याचं समर्थन होऊ शकत नाही.

कोच शिकवण्यासाठी पाहतो याला चांगला पुरावा आहे. १९७४-७५ च्या मोसमात, जॉन वुडन यांच्या यूसीएलएमधल्या शेवटच्या वर्षी, रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर हे दोन मानसशास्त्रज्ञ त्यांचे सराव पाहायला बसले. एकदा नव्हे, पंधरा सरावांना. वुडन यांची प्रत्येक उक्ती आणि कृती त्यांनी वर्गवारी करून टिपली. एकूण २,३२६ नोंदी झाल्या. त्यांतल्या सुमारे ७५ टक्के निव्वळ माहितीच्या होत्या: काय करायचं, कसं करायचं. शाबासकी जेमतेम ७ टक्के, नाराजीही तेवढीच. त्या मोसमाच्या शेवटी वुडन यांनी दहावं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. हा माणूस आपल्याच सरावात निकाल देण्यात किती कमी वेळ घालवत होता ते पाहा. आणि थार्प-गॅलिमोर यांनी पंधरा सराव पाहूनही खेळाडूंची क्रमवारी लावायचा मोह धरला नाही. त्यांनी शिक्षकाचा अभ्यास केला, कारण तिथे पाहण्यासारखा तोच होता. वुडन मोसमाच्या पहिल्या दिवशी खेळाडूंना मोजे आणि बूट कसे घालायचे ते शिकवत. मोज्याला सुरकुती राहिली की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो. त्या दिवशी बाकावर बसलेल्याने बिल वॉल्टनसारख्या खेळाडूविषयी काय लिहावं?

आता या निकालांच्या समर्थकांचा सर्वांत जड दाखला. तो टाळून चालणार नाही, आणि तोही यूसीएलएचाच आहे. २७ नोव्हेंबर १९६५. यूसीएलएचं पॉली पॅव्हिलियन हे स्टेडियम नुकतंच उघडलेलं. तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघातून खेळायची मुभा नव्हती. मोसमाआधीच्या लढतीत याच मुलांच्या संघाने सलग दोनदा राष्ट्रीय विजेत्या ठरलेल्या, क्रमवारीत अव्वल असलेल्या मुख्य संघाला ७५-६० असं लोळवलं. ल्यू अल्सिंडर, म्हणजे पुढचा करीम अब्दुल-जब्बार, याने ३१ गुण आणि २१ रिबाउंड काढले. त्या मोसमात मुख्य संघ राष्ट्रीय स्पर्धेपर्यंतही गेला नाही. अल्सिंडर मुख्य संघात आल्यावर यूसीएलएने लागोपाठ तीन विजेतेपदं जिंकली. पाहा, एका संध्याकाळीच सगळं दिसलं होतं, असं म्हणतात.

दिसलं होतं खरं. पण ती पूर्ण लढत होती, पंच आणि प्रेक्षक असलेली, सराव नव्हता. आणि त्या रात्री अल्सिंडरविषयी नवीन असं कुणाला काय कळलं? न्यूयॉर्कच्या या मुलामागे सगळा देश आधीच लागला होता. अलीकडचा दाखला कूपर फ्लॅगचा देतात. २०२४ च्या उन्हाळ्यात, ड्यूककडून एकही सामना खेळण्याआधी, सतरा वर्षांचा हा मुलगा लास व्हेगासमध्ये अमेरिकेच्या ऑलिंपिक संघाविरुद्धच्या सरावात चमकला, आणि पुढे देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरून ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला. तोही आपल्या वयाच्या मुलांत आधीच पहिल्या क्रमांकावर मानला जात होता. अशा मुलांना ओळखायला सराव लागत नाही. सरावाच्या नजरेचा कस लागायचा तो बाकीच्या तेरा-चौदा जणांच्या बाबतीत, आणि नेमकी तिथेच ती गप्प बसत नाही.

अंगयष्टीचा युक्तिवाद थोडक्यात उरकतो. ड्रेमंड ग्रीन मिशिगन स्टेटमध्ये आला तेव्हा वजन जास्त, उंची पॉवर फॉरवर्डला कमी. पहिल्या वर्षी सरासरी ३.३ गुण. चौथ्या वर्षी तो बिग टेन परिषदेचा सर्वोत्तम खेळाडू होता, आणि अंगाकडे बघणाऱ्यांनी तरीही त्याला २०१२ च्या ड्राफ्टमध्ये ३५व्या क्रमांकापर्यंत खाली जाऊ दिलं. विस्कॉन्सिनचा फ्रँक कमिन्स्की पहिल्या वर्षी सरासरी १.८ गुणांवर होता, चौथ्या वर्षी देशातला सर्वोत्तम खेळाडू. हातांची लांबी आणि उडीची उंची मोजपट्टीने मोजता येते, त्यासाठी जाणती नजर लागत नाही. आणि जे मोजपट्टीने येत नाही ते दोन तासांत दिसत नाही.

स्टीफन करीचं नाव इथे घेतलं की लोकांना वाटतं, आता बुटक्या पोराची नेहमीची गोष्ट. मला त्याची उंची नको, त्याचा पहिला सामना हवा आहे. नोव्हेंबर २००६, डेव्हिडसन विरुद्ध ईस्टर्न मिशिगन. करीने त्या सामन्यात १३ वेळा चेंडू गमावला. तेरा! तोपर्यंत संघाचे मोसमाआधीचे सगळे सराव उरकलेले होते, समोर खरा प्रतिस्पर्धी होता, अंगावर खरी जर्सी होती. यावर निकाल द्यायचा तर सरावातल्यापेक्षा कितीतरी भक्कम पुरावा. डेव्हिडसनचे कोच बॉब मॅककिलॉप यांनी त्याला पुढच्या सामन्यात, मिशिगनविरुद्ध, खेळवलं आणि त्याने ३२ गुण काढले. मॅककिलॉप यांना त्या तेरा टर्नओव्हरमध्ये काय दिसलं हे ते जाणोत. पण त्यांच्या हाताशी आधीच्या कित्येक आठवड्यांचं निरीक्षण होतं आणि ते एका रात्रीने पुसलं गेलं नाही. हे निकालवाले नेमकं उलटं मागतात: हाताशी काहीच नसताना एका दुपारीवर सगळं लिहून टाकायचं.

मग कॉलेजं सराव उघडे करतात तरी कशाला? तिकिटं खपावीत म्हणून, याहून खोल कारण शोधायची गरज नाही. १९७१ मध्ये मेरीलँडचे कोच लेफ्टी ड्रिसेल यांनी १५ ऑक्टोबर सुरू होऊन तीन मिनिटं झाल्यावर, म्हणजे मध्यरात्रीच, खेळाडूंना दीड मैल पळवलं, कारण त्या तारखेआधी सराव घ्यायला बंदी होती. त्यातून ‘मिडनाइट मॅडनेस’ची प्रथा पडली आणि केंटकी, कॅन्ससमध्ये ती रोषणाई-संगीतासह रंगणारी रात्र झाली. तिथले डंक पाहून कुणी मूल्यमापन करत नाही, तेवढं भान लोकांना आहे. साधा उघडा सराव मात्र साधा दिसतो म्हणून खरा वाटतो. तोही पाहुण्यांसाठी निवडलेला दिवस असतो.

आणि आता यात पैसाही आला आहे, म्हणून हा वाद नुसत्या हौसेचा राहिलेला नाही. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर कमाई करता येते, आणि २०२५ च्या जून महिन्यात मंजूर झालेल्या तडजोडीनंतर कॉलेजं त्यांना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षी एका कॉलेजला सगळ्या खेळांवर मिळून २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत मुभा. बदलीही सोपी झाली आहे. समर्थक म्हणतात, आता थांबायला वेळच नाही, मुलगा वर्षभर टिकेल की नाही सांगता येत नाही, म्हणून लवकर पारखणं भाग आहे. पण पारखून पैसे ठरवायचं काम वसंतातच उरकलेलं असतं, सराव सुरू होण्याच्या कितीतरी आधी. सप्टेंबरातल्या मताने कुणाचाही करार बदलत नाही. बदलतं ते एवढंच की अठरा वर्षांच्या मुलाच्या नावामागे ‘शूट करता येत नाही’ हे वाक्य चिकटतं आणि पुढच्या वसंतात त्याचं नाव कुणी शोधलं की तेच आधी वर येतं. आठवून पाहा, हे वाक्य बहुधा सहात एक शक्यता असलेल्या दुपारीवर उभं असतं.

तर मग ऑक्टोबरात लिहायचं काय, असा प्रश्न मला विचारला जाईल, आणि तो रास्त आहे. लिहायला पुष्कळ आहे. स्क्रीनवर यंदा सेंटर मागे राहतोय की पुढे येतोय. मागच्या वर्षी अदलाबदल करणारा बचाव या वर्षी तसाच आहे का. कोच कुठल्या चुकीवर खेळ थांबवतो आणि कुठली चूक सोडून देतो. बचावात कोण मोठ्याने बोलतंय, कारण हे मात्र पहिल्या दिवशीही ऐकू येतं आणि मार्चपर्यंत फारसं बदलत नाही. कोण धापा टाकतोय, कोण सायकलवर बसवलेला आहे, कोण कुणाबरोबर एका गटात आहे. शॉट किती गेले ते लिहायचंच असेल तर किती घेतले तेही लिहावं, आणि त्या ड्रिलमध्ये समोर कुणी हात वर करून उभं होतं की नाही तेही. आपण तीसपैकी कितवा सराव पाहिला हे पहिल्याच ओळीत सांगावं. पहिल्या पाचांची यादी कोच सामन्याच्या दिवशी स्वतः देतो. ती त्याच्या आधी देण्याची विनंती कुणी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.